थैली एक, वाटे निराळे
(तरुण संघ व घरोघरच्या अभ्यासवर्गांसाठी पाठ)

अभ्यासाचा भाग : नीतिसूत्रे, अध्याय १, ओव्या १० ते १९

नीतिसूत्रांच्या अगदी पहिल्याच अध्यायात एक बाप आपल्या मुलाला जवळ बसवून सावध करीत आहे. पुढे त्या पुस्तकात आळस, दारू, खोटी साक्ष, खोटे तराजू अशा पुष्कळ गोष्टींविषयी उपदेश आहे. परंतु या सर्वांच्या आधी बापाला आठवते ती रस्त्यावरची टोळी. तिचे बोलणे आपण शांतपणे वाचावे. त्यात रक्तपाताची भाषा आहे हे खरे, परंतु त्या भाषेच्या आत एक नीट मांडलेली योजना आहे. कोठे दबा धरावयाचा, काय हाती लागेल, घरे कशी भरतील, आणि मिळकत ठेवण्यासाठी सगळ्यांची मिळून थैली कशी एकच असेल, हे सर्व त्या मुलाला सांगितले जात आहे. थोडक्यात, त्याला भागीदारीचे आमंत्रण मिळाले आहे.

टोळीतील मुलांना आपण सहसा ‘वाया गेलेली पोरे’ म्हणतो आणि पुढे चालू लागतो. त्या दोन शब्दांनी आपल्या मनाचे समाधान होते, पण काही कळत नाही. शहरांतील गरीब वस्त्यांत टोळी टिकते, वाढते, एक पिढी गारद झाली तरी दुसरी उभी करते, याचे कारण केवळ मुलांचा वाईटपणा असते, तर चार पुढारी तुरुंगात जाताच ती मोडली असती. ती मोडत नाही, कारण ती दुकानासारखी चालते. तिला भांडवल आहे, माल आहे, नोकर आहेत, हिशेबाची वही आहे. या पाठात आम्ही त्या वहीचीच पाने वाचकांपुढे उघडणार आहोत. ही वही कल्पनेतील नसून, एका खऱ्या टोळीची आहे.

१. शिकागोतील उंच इमारती

अमेरिकेतील शिकागो शहराच्या दक्षिण भागात १९६२ साली ‘रॉबर्ट टेलर होम्स’ नावाची सरकारी वसाहत पुरी झाली. सोळा सोळा मजल्यांच्या अठ्ठावीस इमारती, सुमारे दोन मैल लांबीच्या एका पट्ट्यात उभ्या होत्या. त्यांत चार हजारांहून अधिक बिऱ्हाडे होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून पोटासाठी उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीय लोकांची ही घरे. सुरुवातीला लोक तेथे आनंदाने राहावयास गेले; नळाचे पाणी, ऊब, स्वतःचे दार या गोष्टी त्यांतील कित्येकांना प्रथमच मिळत होत्या.

परंतु ज्या कामांच्या आशेने ते शहरात आले होते ती कामे एक एक करून निघून गेली. शिकागोचा जगप्रसिद्ध जनावरांचा बाजार व त्याभोवतीचे मांसाचे कारखाने यांचा कारभार १९७१ साली संपला. पोलादाचे कारखाने बंद पडू लागले; त्यांपैकी ‘साउथ वर्क्स’ हा प्रचंड कारखाना १९९२ साली कायमचा थांबला. बापाने भट्टीवर काम केले होते, मुलाला भट्टीच उरली नाही. उद्वाहने बंद, जिन्यांत अंधार, पोलीस बोलावले तर वेळेवर येत नाहीत, अशा स्थितीत ती वसाहत आली.

त्याच सुमारास, म्हणजे १९८० नंतरच्या वर्षांत, ‘क्रॅक’ हा अमली पदार्थ बाजारात आला. कोकेन महाग असे. ते श्रीमंतांचे व्यसन होते. तेच कोकेन खाण्याचा सोडा व पाणी घालून शिजवले की त्याचे खडे होतात, आणि एक एक खडा थोड्या डॉलरांना विकता येतो. म्हणजे महागड्या वस्तूची पुडी करून ती गरिबाच्या खिशाला परवडेल अशी केली. दुकानदार तेल बाटलीने विकण्याऐवजी पावशेराने विकू लागला की गिऱ्हाईक वाढते, तोच हा प्रकार. रस्त्यावर केवळ मारामाऱ्या करणाऱ्या टोळ्यांच्या हाती आता विकण्याजोगा माल आला, आणि त्या व्यापारी झाल्या.

२. वही कशी हाती आली

मद्रासेत जन्मलेले व लहानपणीच अमेरिकेत गेलेले सुधीर वेंकटेश हे १९८९ साली शिकागो विद्यापीठात समाजशास्त्राचे विद्यार्थी होते. गरिबीविषयीची एक प्रश्नावली घेऊन ते एका पडक्या इमारतीत शिरले. काळा व गरीब असणे तुम्हांला कसे वाटते, असा त्यात एक प्रश्न होता, आणि उत्तरासाठी ‘फार वाईट’ पासून ‘फार चांगले’ पर्यंत पर्याय दिलेले होते. जिन्यातील टोळीच्या मुलांना प्रथम संशय आला, मग हसू आले. त्यांनी या विद्यार्थ्याला रात्रभर तेथेच बसवून ठेवले. टोळीच्या पुढाऱ्याचा सल्ला असा की, लोकांना समजून घ्यावयाचे असेल तर प्रश्न विचारीत फिरू नये, त्यांच्याबरोबर दिवस काढावे. वेंकटेश यांनी तो मानला, आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचे त्या मुलांमध्ये जाणे येणे राहिले.

टोळीचा जमाखर्च सांभाळणाऱ्या एका तरुणाने पुढे त्यांच्या हाती हिशेबाच्या वह्या दिल्या. चार वर्षांचा महिनेवार जमाखर्च त्यांत होता. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांच्यासह वेंकटेश यांनी त्या वह्यांचा अभ्यास करून २००० साली तो प्रसिद्ध केला. एका टोळीच्या वहीवरून जगातील सर्व टोळ्यांचा निवाडा करता येणार नाही, हे आपण ध्यानात ठेवू. तरीपण आतील माणसाने आतल्यांसाठी लिहिलेला हिशेब असा क्वचितच बाहेर येतो.

३. जमा आणि खर्च

वह्यांतील तिसऱ्या वर्षी एका महिन्याचा सरासरी हिशेब असा होता.

जमेची एकूण बाजू ३२,००० डॉलर. त्यांपैकी मालाच्या विक्रीचे २४,८००. टोळीच्या साध्या सभासदांकडून वर्गणीचे ५,१००. आणि वस्तीतील दुकानदार व लहान धंदेवाल्यांकडून उकळलेल्या खंडणीचे २,१००.

खर्चाकडे पाहू. ठोक माल विकत घेण्यास ५,०००, वरच्या मंडळाला द्यावयाचा हप्ता ५,०००, भाड्याच्या लढवय्यांना १,३००, शस्त्रांना ३००, आणि किरकोळ २,४००. एकूण १४,०००.

या ‘किरकोळ’ खात्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. वकिलांची फी, वस्तीतील मेजवान्या, लाच, आणि मारल्या गेलेल्या मुलांच्या दफनाचा व त्यांच्या घरच्यांना मदतीचा पैसा या खात्यातून जात असे. मुलाचे मरण या धंद्यात किरकोळ खर्चात लिहिले जात होते.

राहिले १८,००० डॉलर. आता प्रश्न आला वाटणीचा. थैली एकच होती. पण वाटे कसे पडले? पुढाऱ्याने घेतले ८,५००. उरलेल्या ९,५०० मध्ये बाकी सगळे. पुढाऱ्याच्या हाताखाली तीन अंमलदार होते : एक मुलांच्या रक्षणाचे पाहणारा, एक पैसा सांभाळणारा, आणि एक माल व रोकड ने आण करणारा. त्यांना प्रत्येकी महिन्याला ७०० डॉलर. उरले ७,४००, आणि ते सुमारे पन्नास पोरांमध्ये वाटावयाचे. ही पन्नास पोरे म्हणजेच कोपऱ्यावर उभे राहून माल विकणारे प्यादे.

तासाचा हिशेब केला तर पुढाऱ्याला सुमारे ६६ डॉलर पडत, अंमलदाराला ७, आणि प्याद्याला ३ डॉलर ३० सेंट. अमेरिकेत कायद्याने ठरलेली किमान मजुरी १९९१ सालच्या एप्रिलपासून तासाला ४ डॉलर २५ सेंट होती. म्हणजे हॉटेलात बशा विसळणाऱ्या मुलाला कायद्याने जे मिळावयास हवे, त्याहून कमी पैशांत ही मुले जिवावरचे काम करीत होती. कित्येकांचे घर आईच्याच छपराखाली होते, आणि कित्येक जण पोट भरण्यासाठी मधून मधून दुसरीकडे लहानसहान नोकऱ्याही करीत.

याच्याही खाली आणखी एक थर होता. सुमारे दोनशे साधे सभासद. त्यांना पगार नव्हता. उलट तेच महिन्याला वर्गणी भरीत. ती कशासाठी? रक्षणासाठी, आणि एखाद दिवशी आपल्याला प्यादा म्हणून कोपऱ्यावर उभे राहू देतील या आशेसाठी. नोकरीच्या रांगेत उभे राहण्याबद्दल पैसे मोजणारी ही मुले होती.

४. धंद्याचे नियम

या टोळीसारख्या सुमारे शंभर शाखा होत्या, आणि त्यांच्यावर सुमारे वीस जणांचे मंडळ होते. शाखेने मंडळाला हप्ता द्यावा. मंडळाने शाखेला ठरावीक हद्द, मालाची खात्रीची आवक व इतर शाखांपासून संरक्षण द्यावे, असा व्यवहार होता. मोठ्या कंपन्या गावोगाव आपली एजन्सी देतात, आपले नाव वापरू देतात आणि विक्रीतला भाग घेतात, तशीच ही पद्धत.

नाव वापरण्याची किंमत असते, तशी नाव बिघडण्याचीही असते. शेजारच्या टोळीशी लढाई जुंपली की गिऱ्हाईक भीतीने येईनासे होई. लढाईच्या महिन्यांत मालाची किंमत व खप ही दोन्ही वीस ते तीस टक्क्यांनी घसरत असल्याचे वह्यांवरून दिसते, आणि प्याद्यांना अधिक पैसे द्यावे लागत. म्हणून पुढाऱ्याला लढाई नको असे. मग गोळ्या कोण झाडी? पुष्कळदा खालची पोरे. कारण वर चढावयाचे असेल तर आपली छाती दाखवण्याची एकच संधी त्यांच्याजवळ होती. वरच्याला शांततेत नफा आणि खालच्याला भांडणात बढती, असा हा विचित्र मेळ होता. टोळीतील हिंसा म्हणजे निव्वळ डोकेफिरूपणा, असे समजणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

आणि जोखीम कोणाची? वह्यांतील चार वर्षांच्या काळात टोळीत सतत राहिलेल्या मुलाला सरासरी जवळजवळ सहा वेळा अटक झाली, दोनांहून अधिक वेळा तो जखमी झाला, आणि तो मारला जाण्याचा संभव चारांत एक होता. चार मुले बाकावर ओळीने बसली आहेत, आणि चार वर्षांनी त्यांतील एक जागा रिकामी आहे, असे चित्र आपल्या तरुण संघाच्या बैठकीत क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

नीतिसूत्रांतील बाप आपल्या मुलाला हेच सांगत होता. टोळीवाल्यांना वाटते की आपण दुसऱ्याच्या रक्तासाठी दबा धरला आहे; खरे पाहता तो दबा त्यांच्या स्वतःच्या जिवासाठी असतो. पाखरू पाहत असताना जाळे मांडले तर ते फसत नाही, पण माणूस पाहून सवरूनही फसतो, असा अर्थ पुष्कळ अभ्यासक त्या ओवीचा लावतात. शिकागोच्या वहीने त्या जुन्या उपदेशाला आकडे जोडून दिले एवढेच.

५. मग मुले जातात का?

हा या पाठातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मजुरी कमी, मरण जवळ, तरी मागे वर्गणी भरून रांगेत उभी असलेली दोनशे मुले का?

पहिले कारण, शिडी डोळ्यांसमोर होती. वर्षाला लाखभर डॉलर कमावणारा पुढारी त्याच इमारतीतून वर आलेला होता. तो त्याच जिन्यावरून चढत उतरत असे, त्याची मोटार खालीच उभी असे. या मुलांनी वकील, डॉक्टर, कारखान्याचा व्यवस्थापक आपल्या जिन्यावर कधी पाहिलाच नव्हता. पन्नासांतून एखादाच वर जाईल हे त्यांना ठाऊक होते. पण दुसऱ्या कोणत्याही शिडीवरून कोणी वर गेलेला त्यांना दिसत नव्हता.

दुसरे कारण, टोळीने त्यांना नाव दिले. शाळेने नापास म्हटले, कारखान्याने नको म्हटले, पोलिसाने संशयित म्हटले. टोळीने ‘आपला’ म्हटले. जेवणाहून माणसाला हे कधी कधी अधिक लागते.

तिसरे कारण, वस्तीत दुसरी सत्ताच नव्हती. भांडण मिटवावयाचे, चोर पकडावयाचा, एखाद्या बाईला मारणाऱ्या नवऱ्याला धाक घालावयाचा, दफनाला पैसे उभे करावयाचे, तर लोक टोळीकडे जात, कारण बाकीची दारे बंद होती. इमारतीतील भाडेकरूंच्या पुढारी बाईसुद्धा टोळीशी बोलणी करीत आणि त्यातून काही पदरात पाडून घेत. लोक टोळीला भीत असत, तिचा तिरस्कारही करीत, आणि तरीही अडचणीला तिच्याच दारी जात. आपणांपैकी ज्यांनी सावकाराचे व्याज भरले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

सरकारने काय केले? १९८६ साली अमेरिकेत असा कायदा झाला की पाच ग्रॅम क्रॅकसाठी जी किमान शिक्षा, ती साध्या कोकेनच्या बाबतीत पाचशे ग्रॅमला. म्हणजे एकास शंभर असे प्रमाण. गरीब वस्तीतील काळा मुलगा खड्यासाठी जितका काळ आत जाई, तितकीच शिक्षा होण्यास साध्या कोकेनची शंभरपट भुकटी सापडावी लागे. २०१० साली हे प्रमाण एकास अठरावर आणले गेले. पुढे त्या सोळा मजली इमारतीही पाडून टाकण्यात आल्या. शेवटची २००७ साली पडली. तथापि टोळ्या संपल्या नाहीत. मोठ्या टोळ्या लहान लहान गटांत फुटल्या आणि शहरभर पसरल्या. इमारत पाडणे सोपे, पण जी गरज टोळी भागवीत होती ती विटांबरोबर पडत नाही.

६. आपल्याकडील उदाहरण

हे सर्व दूरचे आहे, असे कोणी म्हणू नये. मुंबई प्रांतात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. पिणाऱ्यांची तहान तशीच राहिली आणि कायदेशीर दुकान मात्र बंद झाले. त्या रिकाम्या जागेत हातभट्टीचा धंदा उभा राहिला. बोरीबंदर स्टेशनावर हमाली करणारे वरदराजन मुदलियार याच धंद्यातून मोठे झाले, आणि मद्रासकडून आलेल्या गरीब लोकांचे तंटे सोडवणारा, अडल्यानडल्याला पैसा देणारा म्हणून त्यांच्या दारी रांग लागू लागली. कज्जा कोर्टात नेला तर वर्षे जातात, आणि यांच्याकडे नेला तर एका बैठकीत निकाल लागतो, हे लोकांनी पाहिले होते.

मटक्याचे पाहा. न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या व बंद भावावर मुंबईत आकडा लावीत असत. ते भाव मिळेनासे झाल्यावर १९६२ पासून वरळीला निराळ्या रीतीने आकडे काढू लागले. लवकरच गिरणगावात चिठ्ठी फाडणारा माणूस गल्लोगल्ली झाला. मजुराची चार आण्यांची आशा रोज गोळा करणारी ती एक मोठी पेढीच होती.

मग आली गिरणीसंपाची आपत्ती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. कित्येक गिरण्या पुढे बंद झाल्या, हजारो घरांतील पगार थांबला. कोणी गावी परतले, कोणी भाजीची गाडी लावली. आणि ज्या चाळींतून सकाळी भोंग्याबरोबर माणसे कामाला निघत त्यांतील काही तरुण मुले टोळ्यांच्या हाती लागली. शिकागोत पोलाद, मुंबईत कापड. बाकी गोष्ट एकच. ज्या घरातून बापाचा पगार गेला त्या घराच्या मुलाकडे टोळीचा माणूस आला, आणि त्याच्या हाती शंभराची नोट होती.

म्हणून आमच्या वाचकांनी आपापल्या गावाकडे याच दृष्टीने पाहावे. हैदराबाद असो, इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव. जेथे कारखाना बंद पडला, जेथे वस्तीत वीजपाण्यासाठीही कोणाला तरी हप्ता द्यावा लागतो, जेथे दहावीनंतर मुलाला दिवसभर नाक्यावर उभे राहण्यापलीकडे काम नाही, तेथे ही वही कोणी तरी लिहीत असण्याचा संभव आहे.

७. मंडळीपुढील दोन प्रश्न

पहिला प्रश्न देणगीचा. वेंकटेश यांचे दुसरे एक पुस्तक २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात शिकागोतील गरीब वस्तीचे पाळक येतात. दुकानदार व टोळी यांच्यातील तंटे त्यांच्यापुढे येत, ते मध्यस्थी करीत, आणि अशा रीतीने फिरलेला पैसा कधी कधी मंडळीच्या कामाकडेही वळे. या पाळकांना आपण येथे दोषी ठरवीत नाही. त्यांनी मध्यस्थी केली नसती तर कदाचित रक्त सांडले असते. परंतु धंद्याचा एक नियम आपण वर पाहिला. टोळी जे देते ते ‘किरकोळ’ खात्यात लिहून देते, आणि प्रत्येक खर्चाचा मोबदला तिला हवा असतो. मेजवानीचा मोबदला म्हणजे लोकांचे मौन. छपराच्या पत्र्यांचा मोबदला काय असेल, हे पत्रे घेण्यापूर्वी पंचांनी विचारावे.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. टोळी जे देते ते आपण देऊ शकतो काय?

बॉस्टन शहरात १९९० साली १५२ खून झाले. १९९२ सालच्या मे महिन्यात तेथील मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्चमध्ये, मारल्या गेलेल्या एका तरुणाचा दफनविधी चालू असताना, टोळीची मुले आत घुसली आणि त्यांनी शोक करावयास आलेल्या दुसऱ्या मुलावर उपासनेच्या जागीच हल्ला केला. पाळकांच्या ध्यानात आले की आपण रस्त्यावर गेलो नाही म्हणून रस्ता आत आला. मग काही पाळक एकत्र आले, त्यांनी ‘टेन पॉइंट कोअलिशन’ नावाची संघटना केली, आणि रात्री कोपऱ्याकोपऱ्यावर पायी फिरू लागले. १९९६ साली पोलीस, समाजसेवक व मंडळ्या यांनी मिळून टोळ्यांना स्पष्ट सांगितले : ज्याला सुटावयाचे आहे त्याला शाळा, काम, आधार देऊ, जो गोळी झाडील त्याला पाठीशी घालणार नाही. १९९९ साली त्या शहरातील खुनांची संख्या ३१ वर आली होती. हे सर्व एकट्या पाळकांमुळे झाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पुढे २००० नंतर या कामाचा जोर ओसरला तेव्हा खून पुन्हा वाढू लागले, हेही सांगितले पाहिजे. असे काम एकदा करून संपत नाही. ते शेतीसारखे दर वर्षी करावे लागते.

लॉस एंजिलिस शहरातील उदाहरण याहून साधे आहे. तेथील डोलोरेस मिशन या गरीब पॅरिशमध्ये फादर ग्रेगरी बॉइल हे कॅथॉलिक धर्मगुरू होते. भोवताली टोळ्याच टोळ्या. दफने करून ते थकले. १९८८ साली त्यांनी मुलांना काम मिळवून देण्याचा उद्योग सुरू केला. नोकऱ्या पुरेना, तेव्हा १९९२ साली त्यांनी स्वतःच एक बेकरी काढली. एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या टोळ्यांतील मुले एकाच टेबलाशी उभी राहून पीठ मळू लागली. त्या बेकरीतून पुढे ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ ही संस्था वाढली. अंगावरील टोळीचे गोंदण काढून देण्याचे कामही तेथे होते, कारण गोंदण असलेल्या हाताला कोणी नोकरी देत नाही. २०२४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी फादर बॉइल यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. आपण पंथाने निराळे असलो तरी येथे त्यांच्यापासून शिकण्यास संकोच करू नये.

या बेकरीने काय केले ते नीट पाहा. मुलाला टोळीत ज्या तीन गोष्टी मिळाल्या होत्या, म्हणजे मजुरी, नाव आणि वर चढण्याची शिडी, त्या तिन्ही तिने दिल्या. ‘सोडून दे’ एवढेच सांगितले नाही; ‘हे धर’ असेही सांगितले. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ४, ओवी २८) चोराला चोरी सोडावयास सांगून पौल थांबत नाही. त्याच्या हातांना काम द्यावे, आणि त्या कामातून त्याने गरजवंताला देण्याइतके मिळवावे, येथपर्यंत तो जातो. घेणारा हात देणारा व्हावा, इतका तो बदल आहे.

आपल्या लहान मंडळीजवळ बेकरी नसेल. परंतु सभासदांत एक सुतार, एक रिक्षाचा मालक, एक कारखान्यातील फोरमन, एक परिचारिका तरी असतेच. दर वर्षी एका मुलाला हाताशी घेण्याचे प्रत्येकाने ठरवले, तर काही शिड्या वस्तीतल्या मुलांना दिसू लागतील. दफनासाठी मंडळीचा एक राखीव फंड असला, तर कोणा विधवेला नाक्यावरच्या ‘भाऊ’कडे हात पसरावा लागणार नाही. निकड भागवणारे छोटे कर्ज बचतगटातून मिळाले, तर टोळीचा सावकार एका घरापुरता तरी बेकार होईल. या गोष्टी लहान आहेत; पण टोळीचा धंदाही लहान लहान गरजांवरच उभा आहे.

नीतिसूत्रांतील बापाने मुलाला त्या वाटेने पाऊल टाकू नको असे सांगितले. आज वस्तीतील मुलगा उलट विचारील, “मग कोणत्या वाटेने जाऊ?” त्या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम मंडळीचे आहे, आणि ते उत्तर केवळ तोंडाने देता येणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. ३२,००० डॉलरांची वाटणी फळ्यावर लिहा. या टोळीत खरी जोखीम कोणाची व खरा नफा कोणाचा, ते मुलांना स्वतः शोधू द्या.

२. तुमच्या वस्तीत लोक कोणत्या कोणत्या अडचणींसाठी ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ म्हणवणाऱ्या माणसाकडे जातात? त्यांपैकी किती अडचणींत मंडळी उपयोगी पडू शकेल?

३. वाईट मार्गाने आलेला पैसा चांगल्या कामासाठी घ्यावा का? दोन्ही बाजू मांडा, आणि मंडळीच्या पंचांसाठी एक नियम ठरवा.

४. टोळीतून परत आलेल्या मुलाला तुमच्या घरी किंवा दुकानात काम द्याल काय? ‘नाही’ असे उत्तर असेल तर त्याने कोठे जावे, हेही सांगा.

५. पुढील बैठकीपूर्वी मंडळीतील कोणकोणते व्यवसाय शिकवता येतील त्यांची यादी करा, आणि प्रत्येक व्यवसायापुढे एका मुलाचे नाव लिहा.